शाळेचा निरोप आजीपर्यंत

पत्र :

सप्रेम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवीचे ८६ विद्यार्थी आणि आम्ही चार शिक्षक. निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि मुले आजीआजोबांकडे राहतात. शाळेत काय चालले आहे ते घरी कळावे म्हणून मी तीन वर्षांपूर्वी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरू केला. परिपत्रके, फोटो, अभ्यास, सभेच्या सूचना, सगळे मी त्यावर टाकते. तरीही प्रत्येक वेळी ऐकावे लागते, ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही.’ गेल्या हंगामात दुसरीतला एक मुलगा व्हरांड्याच्या फरशी फुटलेल्या पायरीवरून पडला आणि त्याच्या कपाळाला दोन टाके पडले. आम्ही त्याला तातडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तिथला फोटो काळजीपोटी ग्रुपवर टाकला. तो ऊसतोडीच्या फडावर असलेल्या त्याच्या आईवडिलांना दिसला, आणि घरी असलेल्या आजीला मात्र शेजारणीकडून कळले. दुसऱ्या दिवशी पंचवीसेक माणसे शाळेत आली. आजी एवढेच म्हणाली, ‘लेकरू तुमच्यापशी व्हतं, आन् मला गावानं सांगावं?’ तेव्हापासून ती पालकसभेला आलेली नाही. सहकारी म्हणतात, ‘जेवढं कमी सांगाल तेवढं बरं, झाकली मूठ सव्वा लाखाची.’ आता दसरा पुन्हा जवळ आला आहे. घरी काय कळवावे, किती कळवावे आणि कसे?

उत्तर :

मुख्याध्यापिका ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना आजीच्या त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. मुले पडतात, हे घरात लेकरे-नातवंडे वाढवलेल्या बाईला कुणी सांगावे लागत नाही, आणि टाके पडल्याबद्दल ती तुम्हाला बोललीही नाही. ज्यांच्या हाती मूल सोपवले त्यांनी आधी मला सांगायला हवे होते, एवढेच तिचे म्हणणे आहे, आणि ते अगदी रास्त आहे. तुम्ही काळजी घेतली, वेळ दवडला नाही, उपचार केले, तरीही आजी दुरावली याचे तुम्हाला वाईट वाटते आहे, हे पत्रातून स्पष्ट दिसते. म्हणूनच मोकळेपणाने लिहिते : तुमच्या शाळेत कळवण्याचे काम भरपूर होते, पण ज्याला कळायला हवे त्याला कळले की नाही, हे पाहणारे कुणी नाही. तुमचा ग्रुप ज्यांच्या हातात आहे ती माणसे वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात, आणि जी माणसे मुलाला सकाळी उठवून, डोक्याला तेल लावून शाळेत पाठवतात त्यांच्या हातात साधा बटणांचा फोन असतो किंवा तोही नसतो.

त्यामुळे पहिला प्रश्न ‘काय कळवावे’ हा घेऊ नका, ‘कुणाला’ हा घ्या. हजेरीपटावर पालक म्हणून वडिलांचे नाव असते, मोबाइल क्रमांकही त्यांचाच असतो, आणि पोर्टलवरही तोच भरलेला असतो. सरकारी कामासाठी ते ठीक आहे. पण दसरा ते चैत्र या काळात तुमच्या दृष्टीने पालक म्हणजे आजी, आजोबा, चुलती, कधी कधी तर नववी-दहावीतली थोरली बहीण. तेव्हा एक साधी शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक मुलासाठी एक पान सोडा. हंगामात मूल कुणाजवळ राहणार, त्या व्यक्तीला वाचता येते का, फोन कसला आहे, तो उचलणारे कोण आहे, फोन नसेल तर शेजारी कुणाकडे निरोप द्यायचा, आईवडील कोणत्या कारखान्याच्या फडावर असतील, त्यांच्या मुकादमाचा क्रमांक कोणता आणि त्यांच्याशी किती वाजता बोलता येते, एवढे त्या पानावर असावे. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण ती लिहून ठेवाच. पहाटे फडात उतरलेली आणि कधी कधी रात्री उशिरापर्यंत गाडी भरणारी माणसे शाळेच्या वेळेत फोन उचलू शकत नाहीत. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, चूल पेटते तेव्हा आई जरा निवांत सापडते आणि त्या वेळचे दोन मिनिटांचे बोलणे दिवसभराच्या वीस संदेशांपेक्षा तिच्या जास्त लक्षात राहते.

ही वही शाळेत बसून भरू नका. चार शिक्षक आणि ८६ मुले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला वीस-बावीस मुले येतात, आणि एकाच वाडीवर भावंडे असतातच, म्हणजे घरे त्याहून कमी. दसऱ्याआधीच्या दोन आठवड्यांत संध्याकाळच्या वेळी प्रत्येकाने चार-पाच फेऱ्या मारल्या तरी हे काम उरकते. या गृहभेटीत आईवडील आणि आजी समोरासमोर बसलेले असतात, हा त्यातला मोठा फायदा आहे. ‘हंगामात लेकराबद्दल काही सांगायचे झाले तर आधी आजीला सांगेन, मग तुम्हाला फोन करीन’ असे तिघांच्या देखत एकदा ठरले की नंतर रुसवा राहत नाही. ज्यांची मुले बरोबर जाणार आहेत त्यांची शिक्षण हमी कार्डे याच भेटीत हातात द्या, आणि कारखान्याजवळच्या शाळेत कार्ड दाखवले की प्रवेश नाकारता येत नाही, हे तोंडी समजावून सांगा. कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून राहते आणि मूल उसाच्या फडावर वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करीत राहते, कारण कार्ड कशासाठी आहे हे घरात कुणालाच नीट सांगितलेले नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. मूल मागे ठेवणे शक्य असेल तर आईवडील बाहेर असताना मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहाची माहितीही तेव्हाच द्या. मुलाला नेण्याचा निर्णय घरात उचल, म्हणजे मुकादमाकडून मजुरीची आगाऊ रक्कम, घेतल्यानंतर लगेच होतो, गाडीत सामान चढवताना होत नाही.

आता व्हॉट्सॲप ग्रुप. तो बंद करावा असे माझे मत नाही, कारण फडावरच्या आईवडिलांसाठी तो खरोखर उपयोगाचा आहे. मात्र आज त्याची अवस्था बाजारातल्या गर्दीसारखी झाली असणार, हे न पाहताही मी सांगू शकते. सकाळी देवाचे फोटो, मग सुविचार, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, त्यात तुमचे चार पानी परिपत्रक, आणि त्याखाली ‘उद्या बारा वाजता शाळा सुटेल’ ही एका ओळीची खरी सूचना. ती सूचना कुणी वाचली नाही तर दोष वाचणाऱ्याचा कसा म्हणावा? ग्रुपच्या सेटिंगमध्ये फक्त ॲडमिनला संदेश पाठवता येईल अशी सोय आहे, ती आजच करा. परिपत्रक जसेच्या तसे पुढे ढकलू नका. ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की’ हे तुमच्या-माझ्यासाठी ठीक आहे, पण त्यातून पालकाने नेमके काय करायचे ते तुम्ही दोन ओळींत, बोलल्यासारखे लिहा. आणि जे लिहाल तेच चाळीस-पन्नास सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये स्वतःच्या आवाजात सांगा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही आवाज समजतो, आणि तो बाईंचा आवाज आहे म्हटल्यावर शेजारची सूनही फोन आजीच्या कानाला लावते. संदेश आठवड्यातून दोनच : सोमवारी येणाऱ्या आठवड्यात काय आहे ते, आणि शनिवारी झालेल्या आठवड्यात काय घडले ते. अचानक सुट्टी, लसीकरण, शाळेच्या वेळेतला बदल असे काही आले तर तो अपवाद समजा. आज ग्रुपवर काय आले हे पाहायला माणसाने फोन उघडावा, अशी सवय लागायला संदेश मोजके असावे लागतात.

ज्यांच्याकडे असा फोनच नाही त्यांच्यासाठी तुमच्याजवळ दोन जुनी साधने आहेत आणि मला ती नव्या साधनांइतकीच मोलाची वाटतात. पहिले साधन फळा. प्रवेशद्वाराजवळच्या ज्या फळ्यावर रोज सुविचार आणि पटसंख्या लिहिली जाते, तो बहुतेक शाळांत आतल्या बाजूला तोंड करून असतो, म्हणजे तो वाचतात ती मुले आणि शिक्षक, ज्यांना ते आधीच माहीत असते. तुमचा फळा रस्त्याकडे वळवा. सुविचाराखाली मोठ्या अक्षरांत आज पोषण आहारात काय शिजणार आहे, उद्या काय आहे आणि या आठवड्यात कोणत्या इयत्तेत काय शिकवले जात आहे, एवढे लिहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, आणि आहारातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. ते फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे रंगवून घेतले तर खिचडीबद्दलचे निम्मे प्रश्न न विचारताच सुटतील. चव पाहायला रोज एका आईला किंवा आजीला पाळीपाळीने बोलवा आणि चव नोंदवहीत तिचा अंगठा घ्या. स्वयंपाकघरात येऊन गेलेली बाई गावात शाळेबद्दल वेगळ्याच आवाजात बोलते.

दुसरे साधन स्वतः मूल. घरी निरोप सांग म्हटले की पहिलीतले मूल वेशीपर्यंत जाता जाता तो विसरते, हे खरे आहे, पण त्यालाही उपाय आहे. शाळा सुटण्यापूर्वीची पाच मिनिटे यासाठी राखून ठेवा. ‘घरी जाऊन काय सांगायचं?’ असे विचारा आणि तीन-चार मुलांकडून निरोप त्यांच्या शब्दांत म्हणून घ्या. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी विचारा, ‘आजी काय म्हणाली?’ माझ्या शाळेत हा क्रम आम्ही काही वर्षे चालवला. तिसरीतली एक मुलगी एकदा म्हणाली, ‘बाई, आजी म्हणली, उद्या येते पर भाकरी थापून येते, अकरा वाजतील.’ निरोप पोहोचला होता, त्याला उत्तर आले होते आणि सभेची वेळ चुकीची ठेवली आहे हेही मला त्यातून कळले. शिवाय ऐकणे, लक्षात ठेवणे आणि नीट सांगणे हा भाषेचाच अभ्यास आहे, त्यामुळे या पाच मिनिटांत शिकवण्याचा वेळ गेला असे मला कधीच वाटले नाही.

सभेच्या वेळेचा विषय निघालाच आहे तर थोडे त्याबद्दल. सकाळी अकराची पालकसभा म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या माणसाचा एक खाडा. त्याने तो खाडा करून यावे आणि तास-दीड तास आपण आधार कार्ड, बँक पासबुक आणि गणवेशाचे माप यांवरच बोलावे, यात त्याला काय मिळाले? सभा संध्याकाळी, डेअरीवर दूध घालून झाल्यावर ठेवा. शाळेतच घ्यायला हवी असेही नाही. मंदिराचा पार, समाजमंदिराचा ओटा, जिथे माणसे एरवीही बसतात तिथे घ्या. कागदपत्रांचे काम सभेनंतर टेबलावर वेगळे करा. सभेत मात्र मुलांच्या शिकण्यावर बोला, कारण तेच ऐकायला माणूस आलेला असतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत हे स्पष्ट लिहिले आहे : पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात आणि मुलाची उपस्थिती नियमित आहे का, त्याची शिकण्याची क्षमता कशी आहे, त्याने किती प्रगती केली, हे त्यांना सांगावे. म्हणजे घरी माहिती देणे हा शाळेचा चांगुलपणा समजला जाऊ नये, ते आपले नेमून दिलेले काम आहे. याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही ठरवले आहे. तुमच्या समितीतले किती पालक हंगामात गावात असतात, हे एकदा मोजून पाहा. बैठकीचा ठराव दोन सह्यांवर उरकत असेल तर घरी राहणाऱ्या एखाद्या खमक्या आजीला बैठकीत आवर्जून बोलावणे हे तुमच्या हातात आहे.

प्रगतीबद्दल सांगताना भाषा सांभाळा. प्रगतीपुस्तकावरची ‘ब-१’ ही श्रेणी घरात कुणालाही काही सांगत नाही. ‘तुमचा नातू साधे शब्द सरळ वाचतो, जोडाक्षर आले की अडतो, हातच्याची बेरीज करतो पण वजाबाकीत उसने घेताना चुकतो’ असे सांगितले की आजीला नातू डोळ्यांसमोर दिसतो. ती स्वतः वाचायला शिकवू शकणार नाही, पण ‘रोज संध्याकाळी दिवा लावला की त्याला तुमच्यापुढे एक पान वाचायला बसवा, तो अडखळला तरी रागावू नका’ असे तुम्ही सांगितले तर ती ते निष्ठेने करील. आपल्यालाही शाळेच्या कामात काही करता येते, हे तिला फार थोड्या वेळा कुणी सांगितलेले असते.

आणि फडावरच्या आईसाठी एक गोष्ट जरूर करा. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचा आवाज तिच्याकडे जाऊ द्या. बालभारतीच्या पुस्तकातला एखादा परिच्छेद, एखादी कविता, सात-आठचा पाढा, जे त्या मुलाला नव्याने येऊ लागले असेल ते शिक्षकाच्या फोनवर अर्ध्या मिनिटात नोंदवायचे आणि ग्रुपवर न टाकता थेट आईवडिलांच्या क्रमांकावर पाठवायचे. मी एका शाळेला भेट द्यायला गेले होते तेव्हा पाहिलेले सांगते. पहिलीतली मुलगी फोनपुढे उभी राहिली, तिने परकराची कड घट्ट धरली, बोट ओळीवर ठेवून ‘कमल नमन कर’ एवढेच तीन शब्द वाचले आणि मग पुस्तक मिटून म्हणाली, ‘आये, आता मला येतं.’ शिक्षकाने ते शेवटचे वाक्य कापले नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांचा फोन आला की तो आवाज त्यांच्या टोळीतल्या सगळ्या कोयत्यांनी, म्हणजे ऊसतोड जोडप्यांनी, ऐकला. असे पालक मार्चमध्ये परत आल्यावर शाळेत येतात, त्यांना बोलवावे लागत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट रूढ झाली आहे आणि तिची मला खंत वाटते. शाळेचा फोन घरी जातो तो काहीतरी हवे असते तेव्हा किंवा काहीतरी बिघडलेले असते तेव्हाच. म्हणून बाईंचा फोन म्हटला की आजीचा पहिला प्रश्न असतो, ‘काय केलं त्यानं?’ आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने फक्त दोन घरी चांगल्या गोष्टीसाठी फोन करावा, असा नियम तुमच्या शाळेत घाला. मुलाने कुणाला पेन्सिल दिली, आजारपणानंतर परत आल्यावर मागे पडलेला अभ्यास भरून काढला, ‘आनंददायी शनिवार’ या उपक्रमात मातीचा बैल सुरेख केला, काहीही चालेल. असे चार फोन आधी गेलेले असले की पाचवा, पडल्या-झडल्याचा फोन ऐकून घेण्याइतका धीर घरात असतो. तुमच्या आजीच्या बाबतीत तो पहिलाच फोन ठरला असता, आणि नेमका तोच गेला नाही.

आता त्या प्रसंगाकडे येते. दुखापत, आजारपण, मुलांतली मारामारी, एखाद्या प्रौढाबद्दल मुलाने केलेली तक्रार, असे काहीही झाले तर क्रम ठरलेला असू द्या. प्रथम मूल, म्हणजे उपचार आणि त्याच्याजवळ ओळखीचे माणूस. लगोलग, वाटेतूनच, मुख्याध्यापकाने स्वतः घरच्या माणसाला सांगणे. फोन नसेल तर एका शिक्षकाने किंवा अंगणवाडीताईने घरी जाऊन सांगणे आणि शक्य असेल तर आजीला बरोबरच आरोग्य केंद्रात घेऊन येणे. त्यानंतर आईवडिलांना फोन. संध्याकाळी घरी जाऊन भेटणे आणि नोंदवहीत वेळेसह लिहून ठेवणे. सर्वांत शेवटी ग्रुप, आणि तोही मुलाचे नाव व फोटो न देता. संदेश असा असू शकतो : ‘आज दुपारच्या सुट्टीत व्हरांड्याच्या पायरीवरून एक विद्यार्थी पडला. कपाळाला जखम झाल्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन टाके घातले. घरच्यांना कळवले आहे, मूल सुखरूप घरी आहे. पायरीची फरशी फुटली होती, ती आज काढली असून दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूने मुलांना जाऊ देणार नाही.’ यातले ‘फरशी फुटली होती’ हे वाक्य लिहिताना हात थबकतो, हे मला माहीत आहे. तरीही ते लिहा, कारण ती फुटलेली आहे हे ८६ मुलांना माहीत असते आणि ती ८६ मुले रोज संध्याकाळी घरी जातात. प्रौढाबद्दलच्या तक्रारीत मात्र ग्रुपवर काहीही लिहू नका. ती बाब फक्त त्या कुटुंबाची आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती आणि वरिष्ठ कार्यालय यांना त्याच दिवशी कळवायचे, गरज भासल्यास १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करायचा, आणि यात शाळेची अब्रू किंवा गावातले संबंध मध्ये आणायचे नाहीत.

तुमच्या सहकाऱ्यांच्या ‘झाकली मूठ’ या मताला मी माझ्याच एका चुकीने उत्तर देते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली तेव्हा मी एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. आधीच सांगितले तर लोक घाबरतील आणि मुले पाठवणार नाहीत, असा विचार करून मी पालकांना आदल्या दिवशी दुपारी मुलांच्या हाती चिठ्ठ्या पाठवल्या. लसीबद्दलच्या भलत्यासलत्या अफवा त्याआधीच फोनवरून गावभर पोहोचलेल्या होत्या. सकाळी फाटकाशी पंधरा-वीस बायका उभ्या होत्या आणि त्यांतली एक मला म्हणाली, ‘चांगलं होतं तर चोरून का करता?’ त्या दिवशी वर्गात निम्मीच मुले होती. पुढच्या आठवड्यात आम्ही आशाताईंना घेऊन दारोदार हिंडलो, आरोग्य सेविकेला पारावर बसवले, विचारतील त्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले, ताप येऊ शकतो, हात दुखू शकतो हेही सांगितले, आणि उरलेल्यांपैकी बहुतेक मुलांना लस मिळाली. आपण गप्प बसलो म्हणून गाव गप्प बसत नाही. शाळेने रिकामी सोडलेली जागा दुसरा कुणीतरी भरतो, आणि तो नेहमीच खरे सांगतो असे नाही. जंतनाशक गोळीचा दिवस असो की आरोग्य तपासणी, आठवडाभर आधी सांगण्याची पद्धत मी त्यानंतर कधी मोडली नाही.

तरीही काही गोष्टी न सांगण्याच्या आहेत आणि त्यात सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. कुणाचे आधार अपडेट नाही, कुणाला कोणती शिष्यवृत्ती मिळाली, कोण मागे पडला, कुणाला वर्गात शू झाली, कुणाच्या घरी काय चालले आहे, हे ग्रुपवर येता कामा नये. याद्या टाकण्याची सवय मोडा, ज्याचे त्याला सांगा. फोटोंसाठी वर्षाच्या सुरुवातीला पालकांची लेखी संमती घ्या, आणि ज्यांनी नको म्हटले त्यांच्याकडे कारण मागू नका. रडणारे, जखमी, आजारी, अर्धवट कपड्यांतले मूल फोटोत कधीच नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे, पण कायदा नसता तरी त्या मुलाने मोठेपणी तो फोटो पाहिला तर त्याला काय वाटेल, हा विचार पुरेसा होता. तुमच्या तरुण सहकाऱ्याला हे शांतपणे, एकटे असताना सांगा. त्याने वाईट हेतूने काही केले नाही. वर्गातली मुले आपली वाटतात म्हणूनच माणूस असे पटकन करून जातो, आणि पंचवीस माणसे अंगावर आली तेव्हा तोही घाबरला असणार.

उरला प्रश्न आजीचा. तिला सभेची चिठ्ठी पाठवू नका, ती येणार नाही. गृहभेटींची सुरुवात तिच्या घरापासून करा आणि फोटो टाकणाऱ्या सहकाऱ्याला बरोबर न्या. ओसरीवर बसून सरळ सांगा की त्या दिवशी आधी तुम्हाला सांगायला हवे होते, ते आमच्याकडून राहिले, चूक आमची आहे. ‘पण आम्ही लगेच दवाखान्यात नेले’ हे वाक्य त्याला जोडू नका, ते तिला माहीत आहे. मग वहीतले तिच्या नातवाचे पान तिच्यासमोर उघडा आणि तिने सांगितल्याप्रमाणे भरा. तिच्याकडे फोन नसेल तर निरोप कुणाकडे द्यायचा ते तिलाच ठरवू द्या.

तुमच्या पत्रात पायरीचे पुढे काय झाले ते लिहिलेले नाही. फरशी बसवून झाली असेल तर आजीला शाळेत बोलावून ती दाखवा, आणि त्याच दिवशी चव पाहण्याची पाळी तिला द्या. अजून बसवली नसेल तर समितीच्या येत्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या, आणि काम कोणत्या तारखेला होणार ते रस्त्याकडे तोंड केलेल्या फळ्यावर लिहा.